हिरवं म्हणजे बरोबर

९ नोव्हेंबर, रविवार

बजरंगने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "अंगद, ह्ये काय काढलंस बे? पोरीचं तोंड कुठंय?"

मला तोंड दिसत होतं. धुक्यातून दिसावं तसं, पण दिसत होतं.

परवा नारायणगडाच्या वाटेवर प्री-वेडिंग काढलं. दुपारचं ऊन होतं, पण असल्या उन्हात मी कितीदा तरी काम केलंय. अंदाज कधी चुकला नाही. उजेड किती घ्यायचा हे मला पडद्यावर नुसतं बघून कळायचं. आता पडदा मला सारखा काळवंडलेला वाटतो, म्हणून मी उजेड वाढवत जातो. आणि घरी येऊन बघावं तर सगळं धुऊन निघालेलं.

बजरंगने सावरलं कसंबसं. ड्रोन आणि एडिटिंग त्याचं, कॅमेरा माझा. शाळेपासूनची जोडी. "झोप होत न्हाई का तुजी?" एवढंच विचारलं त्यानं.

अशक्तपणा असेल. जुलैपासून टीबीच्या गोळ्या चालू आहेत. त्याला माहीत नाही. गावात, उमापुरात आम्ही न्यूमोनिया झाला असं सांगितलंय. टीबीवाला माणूस लग्नात कॅमेरा घेऊन नवरीजवळ कोण उभा करील? आता माझ्यापासून कुणाला लागण नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. पण ते लोकांना कोण समजावणार.

घरातल्यांची तपासणी झाली तेव्हा आईलाही निघाला. तिच्या गोळ्या माझ्यानंतर सुरू झाल्या. सकाळी आम्ही दोघं ओट्यावर शेजारी बसून घेतो. माझी बायको मनिषा पाण्याचे तांबे आणून देते आणि घेतल्याशिवाय हलत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जुना मॉनिटर पेटीतून काढला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवतात तो छोटा पडदा. त्यात फॉल्स कलर म्हणून एक बटण आहे. घेतला तेव्हा दाबून बघितलं होतं, मग विसरलो.

बटण दाबलं की खरे रंग जातात. जिथं जितका उजेड, तिथं त्याचा ठरलेला रंग. अगदी काळोख तो जांभळा, त्याच्यावर निळा. मधला, नीट उजेड हिरवा. जरा जास्त झाला की गुलाबी – गोरं तोंड तिथं बसवायचं. मग पिवळा, म्हणजे सांभाळा. आणि लाल म्हणजे जळालं. लाल झाल्या जागी काहीच उरत नाही. नंतर कितीही डोकं फोडा, पांढरा कागद.

आपल्याकडची तोंडं उन्हात रापलेली. ती हिरव्यात बसवली की बरोबर. हिरवं म्हणजे बरोबर – एवढंच लक्षात ठेवायचं.

उजेड जास्त झाला की कॅमेऱ्यात झेब्राच्या रेषा येतात, पण त्या बारीक. आता माझ्या डोळ्यांना त्या पुसटच. हे रंग कसे, भिंतीला दिल्यासारखे ठळक. अंदाज नको, डोळ्यांवर भरवसा नको. यंत्र सांगेल ते करायचं.

अंगणात मनिषाला उभी करून तासभर खेळलो. ती म्हणाली, "मला भुतावानी हिरवी करून काय बघता हो?"

आज बऱ्याच दिवसांनी हसलो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जमलं! गेवराईचं लग्न. दुपारी मंडपाबाहेर, संध्याकाळी दिव्यांत. प्रत्येक वेळी बटण दाबलं, तोंड बघितलं, मगच रेकॉर्डिंग. बजरंगने रात्रीच फोन केला – "आज एकदम जुना अंगद हाय."

१६ नोव्हेंबर, रविवार

मोहनरावांचा निरोप आला. त्यांच्या लेकीचं, राजनंदिनीचं लग्न आपल्यालाच. सगळा तालुका येणार त्या लग्नाला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

लिहू की नको असं झालंय.

या गोळ्यांनी लघवी केशरी होते. पहिल्या दिवशी घाबरलो होतो, आता सवय झालीय. आज सकाळी बघितलं तर नुसती मळकट. रंगच नाही. मला वाटलं, गोळ्यांचा असर संपला. मनिषाला हाक मारली. लाज वाटली, पण मारली.

तिनं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. "केशरीच हाय की. रोजच्यासारखी."

मी म्हणालो, उजेड कमी असेल न्हाणीत. दार पूर्ण उघडंच होतं.

लगेच मॉनिटर काढून बसलो. निळा नीट दिसतो. पिवळा दिसतो. हिरवा – दिसतो. जरा मळका, वाळल्या पाल्यासारखा, पण दिसतो. दिसतो म्हणजे दिसतो. मोहनरावांचं काम झालं की जाईन डॉक्टरकडं. आता गेलो आणि त्यांनी घरी बसवलं तर?

३० नोव्हेंबर, रविवार

लग्न झालं.

सगळं नीट गेलं असावं. वरमाला, सप्तपदी, मंडपात आतला उजेड सारखाच होता, एकदा बसवला तो बसवला. पाठवणीच्या आधी मोहनराव स्वतः आले. एवढा मोठा माणूस, मागं पुढारी रांगेत उभे, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "अंगद, आईला कॅमेऱ्याम्होरं बोलायचंय म्हणती. जन्मात कधी बोलली न्हाई. नीट काढ."

त्यांच्या आई, सत्यभामाबाई. नव्वदीला टेकल्या असतील. गर्दी नको म्हणून घराच्या मागच्या अंगणात खुर्ची टाकली होती. भर दुपार, मागं चुन्याची भिंत, समोर ऊन. मी म्हणालो, सावलीत बसा. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे लेकरा, हाडाला ऊन बरं वाटतंय."

कानापर्यंत पदर. आधी नुसत्या बसून राहिल्या. राजनंदिनी पायाशी बसली, त्यांचा हात धरून. मग बोलायला लागल्या. "मी ह्या घरात आले तवा तोंडावर हातभर पदर. माझं तोंड माझ्या सासऱ्यानं मरूस्तोवर बघितलं न्हाई. माझा येक बी फोटू न्हाई बग पोरी, कुणी काढलाच न्हाई." आणि एकदम त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला. पांढरे केस, वाऱ्यावर उडणारे. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काढ बाबा. आता काढ." मग नातीला, "तू तोंड वर करून जा. कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाई."

राजनंदिनी रडत होती. मोहनराव भिंतीकडं तोंड करून उभे होते.

मी सुरू करण्याआधी बटण दाबलं होतं. तोंड हिरवं होतं. पदर सारला तेव्हा परत दाबलं. हिरवं. मी नीट बघितलं.

मी नीट बघितलं होतं.

३ डिसेंबर, बुधवार

बजरंगने फोनवर काही सांगितलं नाही. "स्टुडिओत ये," एवढंच.

गेलो. त्यानं क्लिप लावली. मी म्हणालो, ठीक वाटतंय की. तो माझ्याकडं बघत राहिला.

"अंगद. इथं न्हाईच कुणी. पांढरं हाय सगळं. साडीचा काठ दिसतो अन् पोरीचे केस."

"खाली ओढ की उजेड."

"ओढला. राखाडी कागद होतोय. मागं काहीच न्हाई."

मी खुर्चीवर बसलो. तो म्हणाला, तीच क्लिप त्या मॉनिटरवर लावून बघ परत. लावला. बटण दाबलं. मी पडद्याला बोट लावून म्हणालो, हे बघ, तोंड हिरवं आहे. बरोबर आहे.

त्यानं माझं बोट पडद्यावरून बाजूला केलं. मग म्हणाला, "लाल हाय ते. लालभडक."

मी परत बघितलं. वाळल्या पाल्यासारखा तोच रंग.

४ डिसेंबर, गुरुवार

ठरवलं – मोहनरावांना सांगायचं की आजीला एकदा परत बसवू. कार्ड खराब झालं म्हणू. काहीही म्हणू. त्या परत बोलतील. परत पदर सारतील.

फोन हातात घेतला आणि ठेवला. उद्या करू.

८ डिसेंबर, सोमवार

सत्यभामाबाई गेल्या. पहाटे, झोपेत.

मी फोन केलाच नव्हता.

९ डिसेंबर, मंगळवार

मोहनरावांचा फोन. आवाज बसलेला. "तेराव्याला सगळी भावकी जमतीय. त्या दिवशी आई बोलली न्हवं का, तेवढं मोठ्या पडद्यावर लावायचं हाय. बाकीचं लग्न नंतर दे."

हो म्हणालो. काय म्हणणार?

बजरंग म्हणाला, दुसऱ्या कुठल्या फोटोवरून तोंड बसवू, आता कॉम्प्युटरवर सगळं होतं. मी म्हणालो, दुसरा फोटो न्हाई बजरंग. तीच म्हणाली की, न्हाई म्हणून. मंडपातसुद्धा आली न्हवती ती.

११ डिसेंबर, गुरुवार

जाऊन सांगितलं.

बजरंग बरोबर येतो म्हणाला, मी नको म्हणालो. मनिषाने वाटेत खायला भाकरी बांधून दिली, ती तशीच परत आणली.

मोहनराव ओसरीवर सुतकात बसलेले. राजनंदिनी सासरहून आलेली. मी लॅपटॉप उघडला आणि सांगितलं – माझ्या हातनं चूक झाली, तोंड आलं नाही. नुसता आवाज आलाय. ते म्हणाले, लाव.

लावलं. पांढरा पडदा आणि त्यातून सत्यभामाबाईंचा आवाज. कोंबड्या ओरडताहेत मागं. माझा एक बी फोटू न्हाई बग पोरी. काढ बाबा, आता काढ. राजनंदिनीने तोंडात पदर कोंबला. मोहनराव म्हणाले, परत लाव. परत लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा राजनंदिनी उठून आत गेली.

मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "अंगद, तुला दिसतंय का रं नीट?"

आजवर कुणालाच बोललो नव्हतो. बायकोला नाही, बजरंगला नाही. इथंही सरळ शब्दांत लिहिलं नव्हतं. त्या माणसाला म्हणालो, "न्हाई."

"मग कावून उभा ऱ्हाईलास माझ्या आईम्होरं?"

ओरडले नाहीत. खरंच विचारत होते. लॅपटॉप तिथंच ठेवून आलो. आवाज तरी राहू दे त्यांच्याकडं.

येताना गाडी हळू चालवली. समोरून येणाऱ्या ट्रकच्या मधोमध भोक दिसत होतं. कडा दिसायच्या, मधलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

मनिषाने शिवणाच्या डब्यातली रिळं मांडली माझ्यापुढं. "सांगा."

निळा सांगितला. पिवळा सांगितला. मग तिनं दोन रिळं धरली आणि विचारलं, यातला लाल कुठला? मी डावा म्हणालो. तिनं हात मागं घेतला, परत पुढं केला. मी परत डावा म्हणालो. ती रडायला लागली तेव्हा कळलं की तिनं मध्ये अदलाबदल केली होती.

तिचं तोंड पण सरळ बघितलं की पुसतं. जरा बाजूला बघितलं की कडेनं दिसतं. मी आता बायकोकडं तिरकं बघतो.

कॅमेरामन आंधळा होतोय. यापेक्षा वाईट काय असतं ते मला सुचत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

बीड. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. खूप तपासण्या. ठिपक्यांच्या चित्रातले आकडे वाचायला सांगितले, मला नुसते ठिपके दिसले. शेवटी त्यांनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? मनिषा म्हणाली, "टीबीची."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्या गोळ्यांत एक औषध असतं, त्यानं काही थोड्या लोकांच्या डोळ्यांची नस दुखावते. आधी लाल-हिरव्याचा घोळ होतो, मग मधलं दिसेनासं होतं. त्यांनी टीबीच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. ते औषध आजपासून बंद, बाकीची चालू, पुरी करायचीच. "सुरुवातीला धूसर वाटलं तेव्हाच यायला हवं होतं," म्हणाल्या. रागावून नाही.

मी विचारलं, परत येईल का?

"काही जणांचं येतं. हळूहळू, महिने लागतात. काही जणांचं नाही येत. आत्ता मी तुम्हाला सांगू शकत नाही."

मग म्हणाल्या, घरात आणखी कुणी याच गोळ्या घेत असेल तर त्यांनाही घेऊन या, तपासू.

एसटीत मनिषाने माझा हात धरला होता. मांजरसुंब्याकडं जाणाऱ्या गाड्या स्टँडवर ओरडत होत्या, कंडक्टर, भेळवाले, सगळं नुसतं आवाजात उरलंय.

१८ डिसेंबर, गुरुवार

आईला विचारलं. "मला काय धाड भरलीय? मला सगळं दिसतंय. तू तुझ्या डोळ्याचं बघ."

बीडला चल म्हणालो तर उठून चुलीकडं गेली.

२५ डिसेंबर, गुरुवार

फरक नाही.

४ जानेवारी, रविवार

बजरंग येऊन कॅमेरा घेऊन गेला. मीच म्हणालो होतो. त्याला टीबीचंही सांगितलं एकदाचं. तो म्हणाला, "येवढंच? अन् त्याच्यासाठी इतके दिवस मेलास बे एकटा?" लेन्स पुसून बॅगेत भरताना मला सारखं विचारत होता की ही कुठल्या खणात, ती कुठल्या खणात. त्याला सगळं माहीत आहे. मला बोलतं ठेवत होता.

तो गेल्यावर कपाटाचा तो कप्पा रिकामा बघितला. बघितला म्हणजे हात फिरवला.

मोहनरावांकडून काही नाही. लोक म्हणतात, तेराव्याला त्यांनी नुसता आवाज लावला. पडदा नाही, काही नाही. सगळी भावकी खाली बसून ऐकत होती.

मला तिथं नव्हतं जायचं. पण मी त्यांच्या शेताच्या बांधापर्यंत गेलतो. लांबून ऐकू येतं का बघायला. आलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

हे मोठ्या अक्षरात लिहितोय. ओळी एकमेकींवर चढत असतील. मलाच वाचता येत नाहीत, मग कुणासाठी लिहितोय?

दिवसभर ओसरीवर. ऊस भरलेले ट्रॅक्टर जातात, गाणी लावून. मनिषा शिवणाची कामं घ्यायला लागलीय. आई येता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवते. परवा तिनं आमटीत मीठ दोनदा टाकलं. मी तशीच खाल्ली. तीही म्हातारी झालीय.

डॉक्टरीणबाईंकडं परत गेलो होतो. "अजून वाईट झालेलं नाही, हे चांगलं आहे," म्हणाल्या. चांगलं! ज्याच्या समोर एक म्हातारी पदर सारून बसली आणि ज्यानं ती हरवली, त्याला काय चांगलं?

रोज तेच दिसतं. बटण दाबलं. हिरवं. बरोबर.

८ फेब्रुवारी, रविवार

फरक नाही. विचारायचं बंद केलंय सगळ्यांनी.

११ फेब्रुवारी, बुधवार

सगळी अंगणात होती तेव्हा विहिरीवर जाऊन उभा राहिलो. खाली पाणी आहे की सावली, ते कळेना. मनिषा मागून आली. माझ्या सदऱ्याचं टोक धरून उभी राहिली, मी वळेपर्यंत.

१५ फेब्रुवारी, रविवार

आई गच्चीवर मिरच्या निवडत बसली होती. पिकलेल्या एकीकडे वाळायला, हिरव्या राहिलेल्या दुसरीकडे. करमेना म्हणून शेजारी जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं तिनं एक मिरची माझ्यापुढं धरली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अंगद, ही हिरवी हाय का लाल रं?"

मला सांगता आलं नाही. दोघंही त्या मिरचीकडं बघत बसलो. मग मनिषाला हाक मारली. ती वर आली, दोन्ही ढीग बघून तिथंच थांबली. "आत्याबाई, सगळ्या मिसळल्यात की."

"कधीपासनं, आई?"

"झालं की. संक्रांतीच्या आधीपासनं."

"मी विचारलंतं तवा?"

"तवा जराजरा. तुझंच येवढं चाललंतं, त्यात माझं कुठं. अन् गोळ्या थांबवल्या, खोकला उलटला, तर तुला परत लागंल."

ती अजून तीच गोळी घेते. आज सकाळीही घेतली, माझ्या शेजारी बसून.

उद्या पहिल्या गाडीनं बीड. ती नाही म्हणाली तर उचलून नेईन. तिचं मधलं अजून गेलेलं नाही, वेळ आहे. माझं तोंड दिसतंय का, म्हणून विचारलं.

म्हणाली, "दिसतंय की. दाढी कर जरा."